विश्लेषण : बॅग दुसऱ्याची, तुरुंग मुलाला! परदेशातील अमली पदार्थ खटल्यात सुटकेचा पुरावा गावातच का शोधावा लागतो?

१ एप्रिल २०२३. ‘सडक २’ आणि ‘बाटला हाऊस’ या चित्रपटांत छोट्या भूमिका केलेली मुंबईची अभिनेत्री क्रिसॅन परेरा शारजाच्या विमानतळावर उतरली. एका आंतरराष्ट्रीय वेब मालिकेची ऑडिशन होती, असे तिला सांगण्यात आले होते. निघताना तिच्या हाती एक ट्रॉफी देण्यात आली. ऑडिशनला लागेल म्हणून. तिथे पोहोचल्यावर हॉटेलचे बुकिंग नसल्याचे लक्षात आले. घरी फोन झाला, शंका आली आणि ती स्वतःच पोलिसांकडे गेली. ट्रॉफीच्या आत अमली पदार्थ निघाले. तक्रार द्यायला गेलेली २७ वर्षांची तरुणी आरोपी म्हणून शारजाच्या तुरुंगात गेली.

मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने महिन्याभराच्या आत दोघांना अटक केली. त्यातला एक सिंधुदुर्ग जिल्ह्यातला होता. जुन्या भांडणाचा सूड म्हणून हा बनाव रचला गेला आणि भांडणाचे कारण एक कुत्रा होते, असा पोलिसांचा आरोप आहे. याच पद्धतीने आणखी काही जणांना अडकवण्याचा प्रयत्न झाला होता, असेही तपासात पुढे आले. एका डीजेला तर केक देऊन पाठवले होते.

परेरा २६ एप्रिलला तुरुंगाबाहेर आली. मायदेशी परतायला ऑगस्ट उजाडला. तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात तिने कपडे धुण्याच्या पावडरीने केस धुतल्याचे आणि शौचालयातील पाण्याची कॉफी केल्याचे लिहिले होते. तरीही या प्रकारच्या खटल्यांत तिची सुटका झटपट झाली, असेच म्हणावे लागते. ती झटपट का झाली, हे मालवण, देवगड, वेंगुर्ल्यातल्या प्रत्येक घराने समजून घेण्यासारखे आहे. कारण या किनाऱ्यावरून दरवर्षी परदेशी निघणाऱ्यांत कोणी अभिनेत्री नसते. असतो तो बारावी झालेला, पहिल्यांदाच विमानात बसणारा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा.

अठरा-एकोणीसचाच मुलगा का लागतो?

तस्कराच्या हिशेबात माल वाहून नेणारा हा सर्वांत स्वस्त भाग असतो. तो पकडला गेला तर माल बुडतो, टोळी बुडत नाही. कारण त्याला टोळीतले कोणी माहीतच नसते. एक नाव, एक व्हॉट्सॲप क्रमांक आणि ‘तिकडे एक जण घ्यायला येईल’ हे वाक्य, एवढीच त्याची माहिती. पासपोर्ट कोरा असतो, पोलिसांत नोंद नसते, चेहरा विद्यार्थ्याचा असतो. शिवाय या वयात नाही म्हणता येत नाही. ओळखीच्या मोठ्या माणसाने हातात डबा दिला तर तो उघडून बघणे आपल्याकडे उद्धटपणा मानला जातो.

जगभर हेच चित्र आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये बालीत आठ किलोंहून अधिक हेरॉइनसह नऊ ऑस्ट्रेलियन पकडले गेले. त्यातले सर्वांत लहान दोघे १८ आणि १९ वर्षांचे होते. मे २०२५ मध्ये जॉर्जियाच्या तिबिलिसी विमानतळावर १८ वर्षांची ब्रिटिश मुलगी १२ किलो गांजा आणि दोन किलो हशीशसह सापडली. ती गरोदर होती आणि थायलंडहून निघाली होती. छळ करून, धमकावून आपल्याला हे न्यायला लावले, असे तिने न्यायालयात सांगितले. कुटुंबाने पाच लाख लारी भरल्यावर नोव्हेंबरमध्ये तडजोडीने तिची सुटका झाली. ज्या कुटुंबाकडे तेवढे पैसे नसतात, त्यांच्या मुलीचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

थायलंडचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट इथेच सांगायला हवी. २०२२ च्या जूनमध्ये थायलंडने गांजा प्रतिबंधित यादीतून काढला. बँकॉकच्या रस्त्यावर दुकाने उघडली. ‘तिकडे कायदेशीर आहे’ एवढेच अर्धे सत्य कॉलेजातल्या मुलांपर्यंत पोहोचले. २०२५ मध्ये तिथेही नियम पुन्हा कडक झाले, पण मधल्या काळात बँकॉकची फुकट सहल आणि परतताना एक बॅग, हा धंदा फोफावला. मुंबई विमानतळावर सीमाशुल्क विभाग बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून ‘हायड्रोपोनिक’ गांजा पकडतो, ही बातमी आता इतकी नेहमीची झाली आहे की ती आतल्या पानावर चार ओळींत छापली जाते. त्या चार ओळींतला मुलगा भारतातल्या तुरुंगात जातो. तीच बॅग सिंगापूरला उतरली असती तर प्रश्न गळ्याचा होता.

‘मला माहीत नव्हते’ हे न्यायालय का ऐकत नाही?

गावातली गजाल अशी असते की, मुलगा निर्दोष आहे, मग घाबरायचे कशाला, सत्य बाहेर येईलच. परदेशातल्या अमली पदार्थ कायद्यात सत्य आपोआप बाहेर येत नाही. साधारण फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर असते. अमली पदार्थांच्या खटल्यात ती उलटते.

सिंगापूरच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिले आहे. ज्याच्या ताब्यात बॅग, त्याच्या ताब्यात त्यातला माल, असे गृहीत धरले जाते. आणि माल काय आहे हे त्याला ठाऊक होते, असेही गृहीत धरले जाते. ते खोडून काढायचे काम आरोपीचे. १५ ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉइन किंवा ५०० ग्रॅमहून अधिक गांजाची तस्करी सिद्ध झाली तर तिथे मृत्युदंड आहे. सौदी अरेबियाने अमली पदार्थ प्रकरणांतील मृत्युदंडाची अंमलबजावणी नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू केली. इंडोनेशियात १०६ किलो मेथसह पकडलेल्या तीन तमिळ भारतीयांना एप्रिल २०२५ मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. संयुक्त अरब अमिरातीने २०२१ मध्ये नवा कायदा करून पहिल्यांदा सेवन करणाऱ्यांसाठी काही सवलती आणल्या, पण तस्करीच्या कलमांची धार तशीच आहे.

भारताने याबाबत दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यातही आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता, हे गृहीत धरणारे कलम ३५ आहे. गोव्याच्या कोलवाळ तुरुंगात बसलेले परदेशी कैदी ‘बॅग माझी नव्हती’ हेच सांगत असतात.

मार्च २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार परदेशांतील तुरुंगांत १०,१५२ भारतीय होते. ही संख्या सर्व प्रकारच्या गुन्ह्यांची, कच्च्या कैद्यांसह. सौदीत २,६३३, अमिरातीत २,५१८, नेपाळमध्ये १,३१७, कतारमध्ये ६११. मृत्युदंड सुनावला गेला पण अंमलबजावणी झालेली नाही असे ४९ भारतीय होते. त्यातले २५ एकट्या अमिरातीत. कोकणातल्या घरांचे नातेवाईक ज्या देशांत आहेत, तेच देश या यादीत वर आहेत.

मग दोहाचे दाम्पत्य सुटले कसे?

याचे उत्तर दोह्यात नाही, मुंबईत आहे.

जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक तरुण दाम्पत्य मधुचंद्रासाठी कतारला गेले. सहल नात्यातल्याच एका महिलेने भेट दिली होती. पत्नी गरोदर होती. निघताना त्या महिलेने एक पाकीट दिले. आत जर्दा आहे, तिकडे ओळखीच्याला द्यायचा, असे सांगून. दोहाच्या हमाद विमानतळावर बॅगेतून ४.१ किलो हशीश निघाले. दोघांना प्रत्येकी दहा वर्षांचा कारावास आणि तीन लाख रियाल दंड झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या मुलीचा जन्म तुरुंगात झाला.

इथपर्यंतची कथा अशा शेकडो प्रकरणांत हीच असते. पुढे जे झाले ते वेगळे. मुलीच्या वडिलांनी तोंड लपवले नाही. जावयाच्या फोनमधील ध्वनिमुद्रित संभाषण त्यांना सापडले. पाकिटाविषयीचे बोलणे त्यात होते. ते घेऊन ते अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे गेले, पंतप्रधान कार्यालयाला लिहिले. एनसीबीने मुंबईत तपास सुरू केला, ज्या टोळीने पाकीट दिले तिच्यापर्यंत पोहोचली आणि तपासाची कागदपत्रे राजनैतिक मार्गाने कतारला पाठवली. कतारच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये प्रकरण फेरसुनावणीसाठी परत पाठवले. दाम्पत्य निर्दोष ठरले आणि एप्रिल २०२१ मध्ये वर्षभराच्या लेकीला घेऊन मुंबईत उतरले.

शारजाच्या आणि दोहाच्या प्रकरणांत तुरुंग वेगळे, देश वेगळे, माणसे वेगळी. एक गोष्ट समान आहे. बॅग कोणी दिली याचा पुरावा भारतात होता, आणि भारतातल्या तपास यंत्रणेने तो शोधून आरोपीपर्यंत जाऊन दाखवला. कतारच्या किंवा शारजाच्या पोलिसांना बोरिवलीत किंवा कुडाळात येऊन चौकशी करता येत नाही. त्यांच्यापुढे बॅग असते आणि बॅगवाला असतो. तिसरा माणूस त्यांच्या कागदावर आणायचा तर तो इथूनच आणावा लागतो.

आणि नेमके इथेच कोकणातली कुटुंबे मागे पडतात. मुलगा पकडला गेल्याची बातमी आली की घराचे दार आतून बंद होते. वाडीत कळायला नको, बहिणीचे लग्न ठरायचे आहे, ‘दुबईत काम लागले, फोन नाही’ असे सांगायचे. ज्याने बॅग दिली तो बहुतेक वेळा ओळखीचा, कधी नात्यातला. त्याच्यावर तक्रार म्हणजे गावात वैर. तो मात्र त्या दोन-तीन आठवड्यांत क्रमांक बदलतो, फोन फेकतो. एसटी स्टँडच्या, हॉटेलच्या, रेल्वे स्थानकाच्या कॅमेऱ्यातले चित्रीकरण काही दिवसांनी पुसले जाते. लाजेने गप्प बसलेल्या घराने मुलाचा एकमेव पुरावा आपल्याच हाताने घालवलेला असतो.

समुद्रातून गेलेल्या मुलांचे काय?

सिंधुदुर्गात परदेशाची वाट विमानतळावरूनच जाते असे नाही. गाबित वस्त्यांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर आहेत आणि आता बारावीनंतर काही महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन व्यापारी जहाजावर चढणारी संख्याही मोठी आहे. इथे धोका वेगळ्या रूपात येतो. बॅग नसते, अख्खे जहाजच बॅग असते.

फेब्रुवारी २०२० मध्ये ओमानच्या आखातात इराणी नौदलाने एक जहाज पकडले. त्यावर दीड टन अमली पदार्थ होते. पाच भारतीय खलाशांना अटक झाली. त्यातले दोन महाराष्ट्रातले. भरसमुद्रात मालाच्या गोणी जहाजावर घेण्यात आल्या, त्यात काय होते हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे होते. चाबहारच्या तुरुंगात वर्षाहून अधिक काळ काढल्यावर मार्च २०२१ मध्ये ते निर्दोष सुटले. पण सुटले म्हणजे घरी आले असे नाही. पासपोर्ट आणि खलाशाची कागदपत्रे हाती येईनात, आणि कुटुंबांना दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

जहाजावर मुलगा पाठवताना एकच चौकशी खरी. पाठवणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का? या परवान्याला आरपीएसएल म्हणतात आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर असते. परवाना नसलेला दलाल बेलापूरच्या कार्यालयात कितीही गुळगुळीत बोलला तरी त्याच्या जहाजाचा मालक कोण, झेंडा कोणत्या देशाचा, विमा कोणाचा, हे संकटात कोणीही सांगत नाही. विमानाने इराण किंवा अमिरातीत पर्यटक व्हिसावर नेऊन तिथून जहाजावर चढवणे हा तर उघड इशारा आहे. अशा मुलाची ‘खलाशी’ म्हणून भारत सरकारकडे नोंदच झालेली नसते.

जमिनीवरच्या नोकरीबाबत कोकणची एक गंमत आहे, पण हसण्यासारखी नाही. परदेशी नोकरीला जाणाऱ्या कमी शिकलेल्या कामगारांसाठी सरकारने तपासणी ठेवली आहे. ज्याचा पासपोर्ट ‘ईसीआर’ प्रकारचा, त्याला आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाण्यापूर्वी स्थलांतरित संरक्षकाची परवानगी लागते. करार, मालक, पगार तपासला जातो. दहावी उत्तीर्ण असलेल्याला ही अट नाही. आणि कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून दहावीच्या निकालात राज्यात पहिले. २०२५ चा निकाल ९८.८२ टक्के. म्हणजे ज्या गुणपत्रिकेचे पेढे वाटले, त्याच गुणपत्रिकेमुळे सिंधुदुर्गातला मुलगा सरकारी तपासणीच्या चाळणीतून न थांबता पार होतो. अठराव्या वर्षी, एकटा.

मसाल्याच्या डब्याची भानगड काय?

हा भाग छोटा आहे, पण मालवणी घरांसाठी महत्त्वाचा. अमिराती, सौदी, कतार आणि सिंगापूर या देशांत खसखस नेण्यास बंदी आहे. खसखस ही अफूच्याच झाडाची बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, मालवणी मसाल्यात पडते, अनारशांवर लागते, करंजीच्या सारणात असते. तिकडच्या विमानतळावर ती अमली पदार्थ म्हणून पकडली जाऊ शकते. दिवाळीला निघालेल्या पोराच्या बॅगेत आईने घातलेला डबा आणि शेजारणीने ‘माज्या झिलाक एवढो डबो नेवन दी रे’ म्हणून दिलेला डबा, दोन्ही उघडून बघावेत.

औषधांचेही तेच. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी त्यासाठी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. दुसऱ्याच्या आजारी वडिलांसाठी नेलेली गोळ्यांची पट्टी नेणाऱ्याच्याच नावावर पडते.

मुलगा पकडला गेला तर पहिल्या दोन दिवसांत काय करायचे?

मुलाला निघण्यापूर्वीच एक वाक्य पाठ करायला लावावे : मला भारतीय दूतावासाशी बोलायचे आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाला हा हक्क आहे, पण त्याने मागितल्यावर दूतावासाला कळवायचे, असे त्यात लिहिले आहे. न मागणाऱ्याची बातमी दूतावासाला आठवडेच्या आठवडे लागत नाही. दुसरे, समजत नसलेल्या भाषेतल्या जबाबावर सही करू नये, दुभाषी मागावा. अठरा वर्षांचा मुलगा घाबरून ‘सही केली की सोडतील’ यावर विश्वास ठेवतो. नंतर वकिलाला सर्वाधिक त्रास त्या सहीचाच होतो. तिसरे, आपली माहिती दूतावासाला आणि घरच्यांना द्यायला त्याने लेखी संमती द्यावी. अनेक देशांत खासगीपणाच्या कायद्यामुळे कैद्याच्या संमतीशिवाय स्थानिक अधिकारी काहीही सांगत नाहीत आणि घरचे समजतात की दूतावास टाळतो आहे.

घरच्यांनी त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. नोंद क्रमांक मिळतो आणि पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर चालतो. अमिरातीत भारतीय दूतावासाचे सहायता केंद्र ८०० ४६३४२ या क्रमांकावर चोवीस तास चालते.

दूतावास काय करू शकत नाही, हेही आधी समजून घेतलेले बरे, म्हणजे आशेवर दिवस जात नाहीत. अधिकारी मुलाला तुरुंगात भेटतात, वकिलांची यादी देतात, सुनावणीकडे लक्ष ठेवतात. ते खटला लढवत नाहीत, न्यायालयाला सोडा म्हणू शकत नाहीत. २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना सुरुवातीची कायदेशीर मदत मिळू शकते आणि किरकोळ गुन्ह्यांतले लहान दंड भरले जातात. अमली पदार्थ प्रकरणातला लाखोंचा दंड त्यातून भरला जाईल, या भरवशावर राहू नये.

आणि मग सर्वांत महत्त्वाचे काम. ज्याने बॅग, डबा, ट्रॉफी किंवा तिकीट दिले, त्याच्याविरुद्ध आपल्या पोलीस ठाण्यात तक्रार. इथे बहुतेकदा ठाणे अंमलदाराचे उत्तर असते : गुन्हा दुबईत घडला, आम्ही काय करणार? हे उत्तर चुकीचे आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम २९ च्या दुसऱ्या पोटकलमात नेमकी हीच परिस्थिती लिहिली आहे. भारतात बसून परदेशातल्या अमली पदार्थ गुन्ह्याला चिथावणी देणारा किंवा त्याच्या कटात सामील असणारा भारतातच गुन्हेगार ठरतो. कट कुडाळच्या चहाच्या टपरीवर शिजला असेल तर तो कुडाळ पोलिसांचा गुन्हा आहे. हद्दीचा वाद असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात तक्रार घेता येते. ठाण्याने नाकारली तर ओरोसला पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गची प्रकरणे कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात; मुंबईचा हेलपाटा आणि तिथल्या वकिलाचा खर्च टळला आहे. वकील परवडत नसेल तर ओरोसच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत अर्ज करता येतो.

तक्रारीला जाताना फोन जसाच्या तसा न्यावा. व्हॉट्सॲपचे फोटो काढून मूळ संभाषण पुसणे, फोन ‘रिसेट’ करणे, चिडून समोरच्याला ‘तुला बघतो’ असा संदेश पाठवणे, हे सगळे त्याच्याच फायद्याचे. तिकिटाचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले, हा कागद शंभर साक्षीदारांहून भारी ठरतो. गुन्हा नोंदवल्याची प्रत अरबीत भाषांतर आणि परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणीकरण होऊन तिकडच्या वकिलाच्या हाती पडली पाहिजे, आणि तीही शिक्षेआधी. शिक्षेनंतर तीच प्रत अपिलात वापरायची म्हणजे दोहाच्या दाम्पत्यासारखी दीड-पावणेदोन वर्षे.

शिक्षा कायम झालीच तर उरते ती कैदी हस्तांतरणाची वाट. २००३ च्या कायद्यानुसार अमिराती, कतार, सौदी, थायलंड यांच्यासह ज्या देशांशी करार आहे, तिथला भारतीय कैदी उरलेली शिक्षा भारतातल्या तुरुंगात भोगू शकतो. निकाल अंतिम हवा, किमान सहा महिने शिक्षा बाकी हवी, कैद्याची आणि दोन्ही सरकारांची संमती हवी, शिक्षा मृत्युदंडाची नसावी. ही सुटका नव्हे. आई-वडिलांना भेटीला दोहाऐवजी कोल्हापूरच्या कळंब्याला किंवा येरवड्याला जाता येते, इतकेच. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या आईसाठी ते ‘इतकेच’ फार मोठे असते.

या वाटेआधी कधी कधी दुसरीच वाट पुढे केली जाते. गुजरातमधील मोरबीचा २२ वर्षांचा तरुण शिकायला रशियात गेला, अमली पदार्थ प्रकरणात सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाऐवजी सैन्यात भरती हो, असा पर्याय आला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो युक्रेनच्या सैन्याच्या हाती सापडला. युक्रेनने प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत त्याने हे स्वतः सांगितले.

पोलिसांनी वेळीच काय करायचे असते?

बालीतल्या नऊ जणांपैकी १९ वर्षांच्या मुलाच्या वडिलांना मुलगा निघण्याआधीच संशय आला होता. त्यांनी ओळखीच्या वकिलामार्फत ऑस्ट्रेलियन पोलिसांना कळवले. मुलाला विमानतळावर अडवा, समज द्या, एवढीच त्यांची अपेक्षा होती. पोलिसांनी त्याला जाऊ दिले आणि टोळीची माहिती इंडोनेशियाला दिली. ज्या देशात मृत्युदंड आहे, त्या देशाला. मुलाला आधी जन्मठेप, अपिलात मृत्युदंड आणि २०११ मध्ये पुन्हा जन्मठेप झाली. टोळीच्या दोन म्होरक्यांना २९ एप्रिल २०१५ रोजी गोळ्या घालण्यात आल्या. तुरुंगात उरलेले पाच जण डिसेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात परतले, तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. त्या पोलिसांच्या निर्णयावर ऑस्ट्रेलियात आजही वाद घातला जातो.

आपल्याकडे तो वाद घालण्याचीही सोय नाही. मुलाचा फोन बघून शंका आलेल्या मालवणातल्या बापाने कोणाकडे जायचे, हेच ठरलेले नाही. ठाण्यात गेला तर आधी मुलाचेच नाव कागदावर येईल ही भीती. केरळने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळी नागरिकांसाठी स्वतंत्र विभाग काढला. त्यांची नॉर्का-रूट्स ही संस्था आखातात अडकलेल्या केरळी माणसांना तिथले वकील सल्लागार मिळवून देते. कोकणातून आखातात आणि जहाजांवर माणसे जाऊ लागली त्याला तितकीच वर्षे झाली असतील, पण त्या तोडीची यंत्रणा महाराष्ट्रात उभी राहिलेली नाही.

ओरोसच्या अधीक्षक कार्यालयात त्यासाठी फार मोठी इमारत लागत नाही. एक अधिकारी, त्याचा जाहीर क्रमांक, कलम २९ माहीत असलेला एक लेखनिक आणि ‘गुन्हा दुबईत घडला’ हे उत्तर न देण्याचा लेखी आदेश. गणपतीला चाकरमानी येतात, चार दिवस गाव भरते, परदेशी नोकऱ्यांचे आणि फुकट सहलींचे निरोप त्याच दिवसांत देवघराच्या पडवीत बसून दिले जातात. तो क्रमांक आरतीच्या मंडपात लावायला गणपतीआधीचा महिना पुरेसा आहे.